चाचणीत ७३ टक्के, पण गोष्ट वाचता येत नाही: खरं काय धरायचं?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते, म्हणजे चूक असेल तर लगेच कळेल. तुमचा पुतण्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी करून आता चौथीत गेला. एप्रिलमधल्या संकलित चाचणीत त्याला मराठीत ७३ टक्के मिळाले. सुट्टीत गावातल्या डी.एड. करणाऱ्या दोन मुलींनी 'असर' या देशव्यापी पाहणीतला वाचनाचा कागद घेऊन देवळात एकेका मुलाला वाचायला बसवलं. तिथे त्याने छोटा उतारा वाचला, पण गोष्टीच्या तिसऱ्या ओळीला अडकला. त्याच्या वर्गातल्या १४ पैकी फक्त ५ मुलांना गोष्ट वाचता आली. घरी तुम्ही पाठ्यपुस्तक दिलंत तर तेच पोर धडाधड वाचतं, मात्र 'प्रवास'ला 'परवास' म्हणतं. आता तुम्हाला कळत नाही की गुरुजी गुण वाढवून देतात की त्या मुलींना तपासता येत नाही. आणि पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाकावं का, हा खरा घोर आहे.

मी २२ वर्षं जि. प. शाळेत शिकवलं आणि पुढची ८ वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी, होते. या काळात किती प्रकारच्या चाचण्या आल्या, किती तक्ते भरून वर पाठवले, त्याची मोजदाद नाही. माझं सरळ उत्तर असं की बहुतेक वेळा यात कोणीच खोटं बोलत नसतं. बहुतेक वेळा म्हणते, कारण कधी कधी बोलतातही. त्याकडे नंतर येते.

पहिली गोष्ट, 'मराठीत ७३' म्हणजे 'वाचनात ७३' नव्हे. संकलित चाचणी भाषेची असते. तिला लेखी भाग असतो, तोंडी भाग असतो. चित्र बघून सांगणं, ऐकून उत्तर देणं, जोड्या लावणं, रिकाम्या जागा भरणं, दोन-चार ओळी लिहिणं, हे सगळं त्यात येतं आणि यायलाच हवं, कारण भाषा म्हणजे नुसतं वाचन नाही. बोलका, चटपटीत मुलगा तोंडी भागात भरभरून गुण घेतो. वर्गात झालेला धडा असेल तर उत्तर अर्धं आठवणीतून येतं. शिवाय सूचना गुरुजी वाचून दाखवतात, कारण तिसरीतल्या सगळ्या मुलांना सूचना वाचता येतील असं कोणीच धरत नाही. यात लबाडी काही नाही. पण या रस्त्याने ७३ पर्यंत पोहोचलेल्या मुलाला अनोळखी मजकूर वाचता येतो की नाही, ते त्या आकड्यातून कळत नाही.

'असर'चा कागद नेमकं तेवढंच विचारतो. ही पाहणी 'प्रथम' संस्थेने २००५ साली सुरू केली. ती ग्रामीण भागात आणि शाळेत नव्हे तर घरी जाऊन होते, म्हणजे शाळेत जाणारं, न जाणारं, सरकारी, खाजगी, सगळी मुलं तिच्यात येतात. वाचनाची तपासणी एका वेळी एका मुलाची, तोंडी. आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा देतात. तो सरसर वाचला, तीनपेक्षा जास्त चुका नसल्या आणि वाक्य वाक्यासारखं वाचलं, सुटे शब्द टिपत नाही वाचलं, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. उतारा जमला नाही तर शब्द, पाचपैकी चार आले पाहिजेत. तेही नाही जमले तर अक्षरं, पुन्हा पाचपैकी चार. मूल जिथवर पोहोचतं तो त्याचा स्तर. यात गुण नाहीत, पायऱ्या आहेत.

तर तुमच्या पुतण्याचे दोन्ही निकाल एकत्र ठेवा. त्याला मराठी समजतं, बोलता येतं, वर्गात झालेलं आठवतं, पहिलीच्या पातळीचं नवं काही दिलं तर वाचता येतं, दुसरीच्या पातळीचं अजून नाही. यात परस्परविरोधी काही आहे का? मला तरी दिसत नाही. तिसरी संपताना हे मागे आहे, हे खरंच. पण तो देशभरातल्या बहुसंख्य मुलांच्या सोबत मागे आहे.

हाच घोळ देशाच्या पातळीवरही होतो, म्हणून जरा विस्ताराने सांगते. ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. आधी ज्याला आपण 'नॅस' (राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण) म्हणायचो त्याचंच हे नवं रूप, एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेच्या अखत्यारीतलं. तिसरी, सहावी आणि नववीच्या मिळून सुमारे २१ लाख मुलांनी ते दिलं. त्यात तिसरीची भाषेची सरासरी ६४ टक्के आली. त्याच वर्षीच्या 'असर'मध्ये ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. वर्तमानपत्रात हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले की कोणीतरी फसवतंय असंच वाटतं. एकात शहरं आणि सगळ्या व्यवस्थापनांच्या शाळा आहेत, दुसऱ्यात फक्त खेडी, हा फरक आहेच. पण मोठा फरक निराळा आहे. ६४ ही सरासरी आहे. सगळ्या मुलांची बरोबर उत्तरं एका टोपलीत टाकून काढलेली. २३.४ म्हणजे शंभरातल्या किती मुलांनी एक विशिष्ट रेघ ओलांडली, त्यांची मोजणी.

दहा मुलं धरा. पाच जणांना ९०, पाच जणांना ४०. सरासरी ६५. आता त्या ४० वाल्यांकडे बघा. चार पर्यायांचा प्रश्न असेल तर अक्षर न ओळखणारं मूलसुद्धा अंदाजाने ठोकत गेलं तर चारात एक बरोबर येतंच, म्हणजे २५ टक्के फुकटात. वरचे १५ चित्राच्या आधाराने आणि एखाद्या ओळखीच्या शब्दावर. सरासरी ६५ असलेल्या या वर्गातली निम्मी मुलं गोष्ट वाचू शकत नाहीत असं कोणी म्हटलं तर तेही खरंच असेल. सरासरी सगळ्यांना आपल्या पदराखाली घेते, रेघ घेत नाही. मला दोन्हींचा उपयोग झालाय, पण एखादं मूल डोळ्यांसमोर असेल तर सरासरीचा मला कधीच झाला नाही.

आता 'असर'चीही आंधळी बाजू सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तो कागद वेदवाक्य धराल. तो दुसरीच्या पातळीला थांबतो. त्यापुढे पाचवीतला जेमतेम गोष्ट वाचणारा आणि वाचनालयातली कपाटं पालथी घालणारा, दोघांची नोंद सारखीच. वाचलेलं समजलं का, हे त्याचे स्तर सांगत नाहीत. आणि मूळ पाहणी गावाबद्दल काही सांगण्यासाठी बनलेलीच नाही. ती एका जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं घेते आणि जिल्ह्याचं, राज्याचं चित्र काढते. त्या मुलींनी त्याच कागदाने तुमच्या गावातली सगळी मुलं तपासली, ते काम उत्तम, पण तो 'असरचा निकाल' नव्हे. ग्रामसभेत तसं म्हणू नका, गुरुजी पहिल्याच वाक्याला तुम्हाला अडवतील आणि त्यांचं बरोबर असेल.

मग प्रश्न येतो की त्या मुलींना तपासता आलं का. हे इथे बसून मी सांगू शकत नाही. तपासणं दिसतं तितकं सोपं नाही, हे मात्र माझ्याच चुकीवरून सांगते. केंद्रप्रमुख झाल्याच्या पहिल्या वर्षी एका वस्तीशाळेत तिसरीतल्या एका मुलीसमोर मी कागद धरला. मागे मुख्याध्यापक हात बांधून उभे. मुलगी गप्प. मी शब्द दाखवले, गप्प. अक्षरं दाखवली, दोन पुटपुटली. मी 'प्रारंभिक', म्हणजे अक्षरंही येत नाहीत, असं लिहून मोकळी झाले. जेवणाच्या सुट्टीत तिची मैत्रीण म्हणाली, "बाई, ती वाचते की." व्हरांड्यात दोघींना शेजारी बसवलं, मीही फरशीवर बसले, आणि त्या मुलीने उतारा एका दमात वाचला. तेव्हापासून माझ्या वहीत 'वाचलं नाही' आणि 'वाचता येत नाही' अशा दोन वेगळ्या नोंदी असायच्या. देवळात, दहा जण बघत असताना वाचणं हे काही मुलांना फाशीसारखं असतं. तुमचा पुतण्या तिसऱ्या ओळीत अडकला तो अक्षरांना की माणसांना, ते बघायला लागेल.

प्रमाणित चाचणी म्हणजे सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, असं आपण समजतो. खरं प्रमाण असतं वागण्यात. सूचना किती वेळा सांगायची, थांबायचं किती, मुलाने अर्धा शब्द उच्चारला तर पुढचा आपण जोडायचा की नाही, भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता झाकायचा की नाही. यातलं एक जरी सुटलं तर दोन शाळांचे आकडे एका रांगेत ठेवता येत नाहीत.

आणि आता, कधी कधी खोटंही बोलतात म्हटलं होतं, ती गोष्ट. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित एक, मग संकलित दोन. पेपर राज्य पातळीवरून येतात, तपासतात वर्गशिक्षकच, गुणही तेच भरतात. वर्षाअखेरीस प्रगती दिसली पाहिजे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग पायाभूतला हात आखडता, 'वेलांटी चुकली, शून्य'. एप्रिलमध्ये तीच वेलांटी दिसत नाही. मी हे ज्यांच्यात पाहिलं ते वाईट शिक्षक नव्हते. एकाने तर मला स्पष्टच सांगितलं होतं, "मॅडम, खरं लिहिलं तर खुलासा मागतात, खोटं लिहिलं तर अभिनंदन करतात." हा रोग नवा नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेला बांधलं गेलं, तेव्हा मास्तरांनी मुलांकडून वाचनाचं पुस्तकच पाठ करून घेतलं. निकालावर अनुदान देण्याची ती पद्धत पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही आली, आणि दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार म्हटल्यावर शाळेत काय धावपळ उडायची त्याच्या आठवणी जुन्या लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. ज्या आकड्यावर कोणाचं काही अवलंबून असतं, तो आकडा मी जरा सावकाश वाचते. तुमच्या गुरुजींनी असं केलंय असं मी म्हणत नाही. ७३ टक्के यायला तसं करावं लागतंच असंही नाही.

आता 'परवास'. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण मराठीत वाचन मोजताना इथेच फसगत होते. मूल 'पाणी'ला 'पानी' वाचतं. घरात सगळे 'पानी'च म्हणतात. ही वाचनाची चूक आहे का? माझ्या मते नाही. डोळ्यांनी अक्षर पाहिलं, डोक्याने शब्द ओळखला, तोंडाने घरचा उच्चार केला. वाचन पूर्ण झालं. 'शाळा'ला 'साळा' म्हणणाऱ्याचंही तसंच. नंदुरबारकडे पावरी किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या घरातलं मूल असेल तर प्रश्न त्याहून खोल जातो, तिथे मराठी ही त्याला शाळेत आल्यावर भेटलेली भाषा असते. पण 'प्रवास'चं 'परवास' दोन्हींकडे झुकतं. बोलीतला उच्चार असू शकतो आणि जोडाक्षर न कळल्याने 'प' आणि 'र' सुटे वाचणंही असू शकतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याला विचारा, परवास म्हणजे काय रे? "गाडीत बसून गावाला जाणं" म्हणाला तर त्याने शब्द वाचला आहे, उच्चार आजीचा आहे. तोंडाकडे बघत राहिला तर जोडाक्षर अडलंय. मग त्याच्या घरी ऐकू न येणारे, जोडाक्षर असलेले दोन-तीन शब्द द्या, 'क्रमांक', 'ग्रह' असे. तिथेही सुटं सुटं वाचलं तर निदान पक्कं.

वेगाचंही असंच. लहान मुलांना वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. पण मराठीत शब्द म्हणजे किती? हिंदीत 'घर में से भी' हे चार शब्द झाले, आपण 'घरातूनसुद्धा' असा एकच लिहितो. घड्याळ लावलं तर मराठी वाचणारं मूल विनाकारण हळू ठरतं. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटीने वीस भाषांत तिसरीच्या मुलांना एकेकटं बसवून जो अभ्यास केला, त्यात प्रत्येक भाषेसाठी वेगाची पट्टी वेगळी ठेवली. घरी तुम्ही मोबाइलवर वेळ लावणार असाल तर साठच्या आकड्याला चिकटू नका. इतकंच बघा, की पोर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याला वाक्याची सुरुवात आठवते का. नसेल आठवत तर वेग कमी आहे, मग आकडा काहीही असो.

इथपर्यंतचं थोडक्यात: संकलित चाचणीचा आकडा भाषेचा आहे, 'असर'चा स्तर वाचनाच्या एका पायरीचा आहे, दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात, आणि तुमच्या पुतण्याबद्दल नक्की सांगायला दोन्ही अपुरे आहेत.

अपुरं ते तुम्ही घरी भरून काढू शकता. पाठ्यपुस्तक घेऊ नका, ते त्याला पाठ आहे, धडाधड वाचतो ते त्यामुळेच. वर्तमानपत्रही नको, ते मोठ्यांसाठी आहे, तिथे अडखळला तर काहीच सिद्ध होत नाही. त्याने न पाहिलेली, दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट घ्या. शाळेच्या पेटीतल्या गोष्टींच्या पुस्तकांत मिळेल. समोर नका बसू, शेजारी बसा. अडकला तर पाच सेकंद थांबा, मग शब्द सांगून पुढे जाऊ द्या, आणि कुठे सांगावा लागला त्यावर नंतर खूण करा. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. एक थेट गोष्टीत उत्तर असलेला. एक गोष्टीत न लिहिलेला, पण विचार करून कळणारा, म्हणजे "मग ती का रडली असेल?" असा. आणि शेवटी, तुझ्या शब्दांत गोष्ट सांग. आठवड्याने दुसरी गोष्ट घेऊन हेच करा. एका दिवसाच्या तपासणीवर मी कधीच पक्कं मत केलं नाही. त्या दिवशी पोराला ताप असतो, झोप असते, नाहीतर बाहेर क्रिकेट चालू असतं.

खुणा बघितल्यावर बरंच कळेल. सगळ्या जोडाक्षरांवर असतील तर काम महिना-दोन महिन्यांचं आहे. काना-मात्रा-वेलांटीत घोटाळा असेल तर पहिलीचं काही कच्चं राहिलंय, वेळ जास्त लागेल, पण होतं. वाचतो सगळं आणि दुसऱ्या प्रश्नाला गप्प, तर त्याला अक्षरं नाही, गोष्टी कमी पडल्या आहेत. रोज रात्री कोणीतरी वाचून दाखवा. आणि अक्षर पुन्हा पुन्हा उलटसुलट दिसत असेल, ओळ सुटत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. चष्म्याने 'वाचन सुधारलेली' मुलं मी पाहिली आहेत.

शाळेशी बोलताना टक्केवारी बाजूला ठेवा. १४ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ७ टक्के. यंदा दोन मुलं हुशार आली तर शाळेची 'प्रगती' १४ टक्के, पुढच्या वर्षी दोन कच्ची आली की 'घसरण'. एवढ्या लहान पटाला टक्के लावणं म्हणजे पावशेर मीठ ट्रकच्या वजनकाट्यावर तोलणं. त्याऐवजी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नावानिशी यादी मागा: गोष्ट कोण वाचतं, उताऱ्यावर कोण, शब्दावर कोण. बहुतेक शिक्षकांकडे ती असते, कोणी विचारत नाही म्हणून कपाटात असते. यादी भिंतीवर लावायला मात्र सांगू नका, पोरं एकमेकांना चिडवतात. मग विचारा की उताऱ्याच्या खाली असलेल्यांसाठी रोज ठरलेला वेळ कोणता. द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, वर ऑनलाइन माहित्या, मतदार यादीचं काम. तिथे नुसतं 'लक्ष द्या' म्हणून काही होत नाही. त्या दोन मुली सुट्टीत बसल्या तशा आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर बसतील का, हे त्यांना विचारा. स्तराप्रमाणे गट करून, इयत्ता विसरून. माझ्या केंद्रात ज्या शाळांची मुलं पुढे गेली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हे असंच कोणीतरी गावातलं होतं.

इंग्रजी शाळेचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण मला वाटतं लिहायला बसलात ते त्यासाठीच. यात पैसा, अंतर, घरी इंग्रजी कोणाला येतं, बरोबरीची पोरं कुठे जातात, हे सगळं आहे आणि ते मला माहीत नाही. वाचनापुरतं माझं मत ठाम आहे. ज्या भाषेत तो स्वप्नं बघतो तिच्यात त्याला दुसरीची गोष्ट अजून वाचता येत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यावर ही उणीव जाणार नाही, झाकली जाईल. तिथे अडखळला तर सगळे म्हणतील, इंग्रजी नवीन आहे ना. मराठी कच्चं आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून जायचंच असेल तरी आधी गोष्ट वाचू द्या. दिवाळीपर्यंत थांबा, वर सांगितलं तसं चार-पाच वेळा ऐका, आणि त्या 'परवास'चा अर्थ त्याने काय सांगितला ते मला कळवा. त्यावरून पुढचं बोलू.